समुपदेशन कक्षातला कॅरम

समुपदेशन कक्षाला कुलूप होतं आणि खिडकीच्या फुटक्या काचेतून आतला कॅरम दिसत होता. भिंतीला टेकवून ठेवलेला. शेजारी व्हॉलीबॉलचं जाळं, क्रिकेटच्या पॅडचा जोड आणि स्नेहसंमेलनात वापरलेला थर्माकोलचा बैल, एक शिंग मोडलेला.

"किल्ली कुणाकडे आहे?" मी विचारलं.

जिमखान्याचे शिपाई लहाने भिंतीशी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी खिशावर हात मारला. "माझ्याकडंच हाय की. कॅरम खेळायचाय का?"

"नाही. समुपदेशक मॅडमना भेटायचंय."

"मग किल्लीचा काय उपेग? मॅडम महिन्याच्या पहिल्या बुधवारी येतात."

"आज बुधवारच आहे."

"पहिला नाही ना."

"पुढच्या महिन्यात येतील?"

लहान्यांनी बोटांवर हिशेब केला. "पुढल्या पहिल्या बुधवारी सुट्टी पडायलीय. म्हणजे त्याच्या पुढल्या महिन्यात बघा."

ते काही चेष्टा करत नव्हते. जे होतं ते सांगत होते. माझ्या मागे पायरीवर नमिता बसली होती आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं. ती उठली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "चल गिराम. सांगितलं होतं ना तुला."

आमचं पशुवैद्यकीय कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर माळावर होतं. आम्ही दोघी शेवटच्या वर्षाच्या इंटर्न, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहणाऱ्या. नमिता पांचाळ ही सुताराची मुलगी. तिचे हात बापावर गेले होते. शेळीच्या पोटाला ती टाके घालायला लागली की सर लोक बाकीच्यांना बोलावून दाखवायचे. मी गुरांच्या लाथा खाण्यात पुढे, ती टाक्यांत. अशी आमची जोडी होती.

दिवाळीनंतर तिचं जेवण सुटलं. मग झोप गेली. मग आंघोळ. मेसच्या ताटावर बसून ती भाताचे डोंगर करायची आणि उठून जायची. पोरी म्हणाल्या, प्रेमभंग असेल. मीही आधी तिला छेडलं, "कोण गं तो, नाव तरी सांग." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा थट्टा केली नाही.

त्या बुधवारी सकाळी मी आरशासमोर वेणी घालत होते. पलंगावरून ती शांतपणे म्हणाली, "वृषा, मला आता जगायचं नाहीये. फार थकलेय मी." पाणी संपलंय असं सांगावं, तशा आवाजात. वेणी अर्धी सोडून मी तिचा हात धरला. तो हात धरूनच मी तिला त्या कुलपापर्यंत आणलं होतं.

तिथून आम्ही रेक्टरकडे गेलो. ठोंबरे मॅडम वाईट बाई नव्हत्या. आमच्यापैकी कुणाला ताप आला तर स्वतः पेज करून आणायच्या. पण ताप थर्मामीटरवर दिसतो. नमिताला बाहेर बाकावर बसवून, दार उघडं ठेवून, ती दिसेल अशी मी उभी राहिले आणि ती सकाळी काय बोलली ते सांगितलं. मॅडमचा हात चहाच्या कपावर थांबला.

"असं म्हणाली?"

"हो. मॅडम, मी तिला आत्ताच जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेते. तिथे मानसोपचाराचा विभाग आहे. ओपीडी दुपारपर्यंत चालते. गेटपास द्या."

"असं कसं जाता येईल? आधी आपल्या समुपदेशकांनी बघायचं, त्यांनी पत्र द्यायचं, मग तिकडे. तशी पद्धत आहे."

"समुपदेशक दोन महिन्यांनी येणार आहेत."

"मग तिच्या वडिलांना बोलावून घे. ते घरी घेऊन जातील. गेटपासवर पालकांची सही तर लागतेच."

"तिला घरी नाही जायचं. थोरल्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. हिला घरात बसवून ठेवतील आणि कुणाला दिसू देणार नाहीत. मॅडम, ती बावीस वर्षांची आहे. म्हशीचं ऑपरेशन करते. दवाखान्यात जायला तिला बापाची सही कशाला हवी?"

"वृषाली गिराम, आवाज चढवू नकोस. उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते."

"काही होऊ नये म्हणूनच आलेय मी."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि डीन साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगला पुण्याला गेले होते, संध्याकाळी येणार होते. "उद्या सकाळी पहिलं काम हेच," मॅडम म्हणाल्या. "आजचा दिवस तू तिच्याजवळ बस."

मी बसलेच असते. पण आजचा दिवस बसून उद्याही तेच कुलूप, तेच पत्र आणि तीच सही. मला इतका राग आला होता की रडूही येईना.

शेवटचे उरले हाश्मी सर, क्लिनिकवर त्या दिवशी माझी ड्यूटी त्यांच्याच हाताखाली होती. पशुप्रजनन विभागाचे प्रमुख. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि मालक शेपटी धरून उभा होता. नमिताला मी केसपेपरच्या टेबलाशी बसवलं.

"सर, एक केस आहे."

"कुठून आलीय?"

"हॉस्टेलमधून."

सरांनी नमिताकडे पाहिलं. हात बाहेर काढला, लांब मोजा उतरवला आणि नळाखाली हात धुवत माझं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गिराम, मी जनावरांचा डॉक्टर आहे. ह्यातलं मला काय कळतं? डीन साहेब येऊ दे."

"सर, अडलेल्या म्हशीला तुम्ही 'उद्या ये' म्हणाला असता?"

"म्हशीचं मला कळतं," ते म्हणाले.

खोटं बोलत नव्हते ते. पण त्यांच्या डोक्यावरच भिंतीवर त्यांनी स्वतः ब्रश घेऊन रंगवलेली ओळ होती: दारात आलेलं जनावर परत पाठवायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक इंटर्नला त्या ओळीखाली उभं करून ते सांगायचे. बाकी सगळ्यांना रांग, अडलेलीला नाही. वासरू अडकलंय असा फोन आला की ताटावरून उठायचं, गाडी काढायची, विचारायचं कुणाला नाही. आणि उशिरा आलेल्या मालकाला ते जे झापायचे! "एवढे दिवस काय करत होतात? बैल गेला आणि झोपा केला!" त्यांचं हे वाक्य आसपासच्या सगळ्या गावांना पाठ होतं.

मी ती ओळ वाचली. नमिताचा हात धरला आणि शेडमध्ये गेले.

फिरत्या दवाखान्याची गाडी तिथे उभी होती. ड्रायव्हर उत्तममामा बॉनेटवर फडकं मारत होते.

"मामा, कॉल आहे. अडल्याचा. जिल्ह्याच्या रस्त्याला."

उत्तममामांनी फडकं टाकलं. अडल्याचा म्हटल्यावर तेही विचारायचे नाहीत. सीटवर चढता चढता त्यांनी मला मागचं दार उघडून नमिताला आत बसवताना पाहिलं.

"हिला कामून घ्यायलीस? मदतीला का?"

गेटबाहेर पडेपर्यंत खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. ते काही जमलं नाही. "मामा, केस हीच आहे."

त्यांनी नमिताकडे बघितलं, गेटकडे बघितलं. "ही गाडी जनावराची हाय, बाई. माझी नोकरी जाईल."

"कॉल मी सांगितला. सही माझी. तुम्हाला कुणी विचारलं तर म्हणा, बाईनं कॉल सांगितला, मी गाडी काढली."

"तसंच म्हणणार हाय मी," उत्तममामा म्हणाले. "मला दुसरं काही ठाऊक नाही. तुला सोडवायला मी येणार नाही."

"नका येऊ."

त्यांनी चावी फिरवली. गेटवर हॉर्न दाबून "अडलीय, अडलीय!" असं ओरडले. वॉचमननं बसल्या जागेवरून दोरी ओढली आणि दांडा वर गेला. पोरींचा गेटपास तीन वेळा उलटून बघणारा तोच वॉचमन.

मागे आम्ही दोघी कॅल्शियमच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसलो होतो. पायाशी दोरखंड, गमबूट, बादली. आयोडिनचा आणि शेणाचा वास. खड्ड्यात गाडी उडाली, तसा दोरखंडाचा वेढा नमिताच्या मांडीवर आला. तिनं तो उचलून पाहिला.

"बांधून नेतेस काय मला?" ती म्हणाली.

"लाथ मारलीस तर बांधीन."

ती हसली नाही. पण त्या आठवड्यात तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तेव्हा मात्र रडून घेतलं.

मानसोपचार विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. ओपीडीचं दार लावायचीच वेळ होती. आमच्या अंगाच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं नाही, की पत्र कुठंय असंही विचारलं नाही. नमिताला आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिला ॲडमिट करायचं ठरलं होतं. डॉक्टरबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते ऐकून मी भिंतीला टेकले. त्या पाणी आणायला गेल्या.

नमिताच्या घरी फोन मीच केला, तिच्या परवानगीनं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिचे वडील आले. मनोहर पांचाळ, नमिताचे आबा. कानावर पेन्सिल तशीच राहिलेली, सदऱ्यावर भुसा. वॉर्डाच्या दारातच त्यांनी मला गाठलं.

"तू कोण गं पोरी? कुणाला इचारून आणलंस हिला हितं?"

"तिला विचारून, काका."

"तिला काय कळतंय? थोरलीचं जमत आलंय. सोयऱ्यांच्या कानावर गेलं की धाकटी येड्याच्या दवाखान्यात हाय, तर? कोण करील आमच्या घरात सोयरीक?"

"आणि धाकटीच राहिली नसती तर केली असती का?"

बोलून गेले. ते मागे सरकले. इतका वेळ चढलेला त्यांचा आवाज एकदम खाली आला. "असं झालतं का?"

"होत आलं होतं."

ते आत गेले. नमिता पलंगावर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट मोडून कपात पडलं, ते तिनं चमच्यानं काढून खाल्लं. आबा तिच्या पायाशी बसून नुसतं ते बघत राहिले. निघताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणी इचारलं तर टायफॉइड सांगायचं. कॉलेजातबी. एवढं ऐक माझं."

मी मान हलवली. ते सांगणं मला पटलं नव्हतं, पण मुलगी त्यांची होती आणि घरही.

मी कॉलेजात परतले तेव्हा नोटीस लागली होती. चौकशी समिती. डीन साहेब, ठोंबरे मॅडम आणि हाश्मी सर. उत्तममामांनी सांगितल्याप्रमाणे जबाब दिला होता: बाईनं कॉल सांगितला, मी गाडी काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करण्यासारखी गोष्ट दुसरीच निघाली.

"गाडी तुम्ही नेली त्याच दुपारी खरोखरचा अडल्याचा कॉल आला होता," डीन साहेब म्हणाले. "म्हशीचा. गाडी जागेवर नव्हती. रेडकू गेलं. शेतकरी इथे येऊन बोंबलून गेला. ह्याला जबाबदार कोण?"

हे मला माहीत नव्हतं. मी गुरं बरी करायला शिकले होते आणि माझ्यामुळे एक रेडकू गेलं होतं.

"बोला की. आत्तापर्यंत फार बोलत होतात म्हणे."

हाश्मी सरांनी घसा खाकरला. "साहेब, त्या कॉलला मी गेलो होतो. माझ्या मोटरसायकलवर."

"हो, म्हणजे गाडी असती तर..."

"गाडी असती तरी तेच झालं असतं. रेडकू आदल्या दिवशीच मेलेलं होतं, पोटात. मालक दोन दिवस झाडपाला करत बसला होता. म्हैस वाचली, तेवढंच." सर टेबलाकडे बघत बोलत होते. "उशिरा आलेल्या केसला मी काही करू शकत नाही."

माझा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर रागही.

"सर," मी हाश्मी सरांना विचारलं, "त्या मालकाला तुम्ही काय म्हणालात?"

"नेहमीचंच."

"म्हणजे, एवढे दिवस काय करत होतात?"

"गिराम, प्रश्न आम्ही विचारणार," डीन साहेब म्हणाले.

"मग तुम्ही विचारा, साहेब. तिकडच्या डॉक्टर मला काय म्हणाल्या ते विचारा."

साहेबांनी विचारलं नाही. ठोंबरे मॅडमनी विचारलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वेळेत आणलंत."

तेच दोन शब्द. आम्ही ते कुणाला कधी म्हणायचो नाही, कारण आमच्या दारात वेळेत कुणी यायचंच नाही. मी पुढे बोलले, "समुपदेशकांचं पत्र, पालकांची सही आणि पहिला बुधवार धरून नेलं असतं, तर त्या मला म्हणाल्या असत्या, एवढे दिवस काय करत होतात. मी काय सांगितलं असतं? खोलीत कॅरम होता म्हणून थांबलो?"

ठोंबरे मॅडमनी डोळ्याला पदर लावला. डीन साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"भाषण पुरे. सरकारी वाहनाचा गैरवापर, विनापरवाना बाहेर जाणं. लेखी माफीनामा द्या, नाहीतर इंटर्नशिपचा दाखला मिळणार नाही."

दाखला नाही म्हणजे नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणजे नोकरी नाही. माझ्या घरी माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं होती, आणि हे साहेबांना ठाऊक होतं.

"लिहिते, साहेब," मी म्हणाले. "फक्त माफी कुणाची मागायची ते सांगा. नमिताची मागायची असेल तर आपण सगळे मिळून मागू."

मला बाहेर काढण्यात आलं.

जिन्यानं खाली आले, तर समोर स्टुलावर लहाने.

"लहाने, किल्ली द्या."

"मॅडम पहिल्या बुधवारी..."

"कॅरम खेळायचाय."

"असं म्हणा की." त्यांनी लगेच किल्ली काढून दिली.

समुपदेशन कक्ष असा उघडला. मी कॅरमचं एक टोक उचललं. हॉस्टेलकडून येणाऱ्या थर्ड इयरच्या पोरींना हाक मारली, त्यांनी दुसरं उचललं, एकीनं सोंगट्यांचा डबा घेतला. कॅरम आम्ही वर नेला आणि डीन साहेबांच्या केबिनसमोरच्या व्हरांड्यात जमिनीवर मांडला. पावडर टाकली. मी स्ट्रायकर मारला आणि सोंगट्या फुटल्याचा आवाज केबिनपर्यंत गेला.

साहेब बाहेर आले. "हा काय प्रकार आहे?"

"साहेब, ती खोली समुपदेशनाची आहे," मी म्हणाले. "तिथे कॅरम ठेवणं योग्य नाही. खेळायला दुसरी जागा नाही म्हणून इथे आलो."

"उचला ताबडतोब."

"खोलीत समुपदेशक बसले की उचलतो."

रोज सकाळी दहाला कॅरम मांडायचा, पाचला थर्माकोलच्या बैलाच्या पाठीवर सोंगट्यांचा डबा ठेवून तिथेच भिंतीला लावायचा. बैलही आम्ही वर आणला होता. मोडक्या शिंगासकट तो साहेबांच्या दाराकडे तोंड करून उभा असायचा. पोरी पाळी लावून यायच्या. चौथ्या दिवशी मुलगे आले. त्यातला एक कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्याजवळ सरकला आणि जिल्ह्याच्या त्या डॉक्टरबाई कोणत्या वारी बसतात ते विचारून गेला. मग दुसरा आला. मग हॉस्टेलच्या एका मुलीला खुद्द ठोंबरे मॅडमनीच माझ्याकडे पाठवलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पोरं कॅरम खेळतायत. हाश्मी सर एकदा जाता जाता थांबले, उभ्यानंच स्ट्रायकर मारला, एकही सोंगटी गेली नाही, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पावडरचा नवा डबा आला, तो कुणी पाठवला हे कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे तुम्ही अडकून राहणार नाही. त्या उन्हाळ्याच्या आत खोली रंगवली गेली आणि समुपदेशक आठवड्यातून दोनदा बसायला लागल्या. दवाखान्यात जायला पालकांची सही लागत नाही असा कागद निघाला. माझा दाखला सगळ्यांच्या नंतर मिळाला, नोकरी उशिरा लागली, आणि माफीनामा मी आजतागायत लिहिलेला नाही. नमिता आज दोन तालुके पलीकडे सर्जन आहे. तिची औषधं मध्ये सुटली, मध्ये पुन्हा लागली, आणि ती ते रक्तदाबाच्या गोळीसारखं उघडपणे सांगते.

पण मला सांगायचा आहे तो त्याच्या आधीचा एक दिवस. फी भरायची शेवटची तारीख होती, व्हरांड्यासमोरच्या खिडकीला ही रांग लागली होती. जिन्यावरून खडखड करत कुणीतरी लाकडी काहीतरी वर आणत होतं. आधी नमिता दिसली. वॉर्डातून सुटल्यावर पहिल्यांदाच ती कॉलेजात येत होती. चेहरा उतरलेला, पण वेणी नीट घातलेली. तिच्या मागून आबा आले, डोक्यावर कॅरमचा स्टँड घेऊन.

"जमिनीवर खेळायलेत म्हणाली ही," आबा धापा टाकत म्हणाले. "कंबरा जातील पोरींच्या."

त्यांनी स्टँड मांडला, आम्ही त्यावर कॅरम ठेवला. त्यांनी खाली वाकून एका पायाखाली लाकडाची पातळ चीप सरकवली, स्ट्रायकर उभा करून बोर्डावर सोडला. तो जागचा हलला नाही. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं.

"हे कोण?" डीन साहेब म्हणाले. "बाहेरच्या माणसांनी इथे यायचं नाही. तुम्ही कोण?"

मी आबांकडे पाहिलं. टायफॉइड, एवढं ऐक माझं, असं म्हणणारा माणूस. फीची रांग वळून बघायला लागली होती. त्यात त्यांच्या गावाकडचंही कुणी असू शकत होतं.

"मी मनोहर पांचाळ," आबा म्हणाले. सुतारकामात करवतीच्या आवाजाच्या वर बोलायची सवय असलेला आवाज होता तो. "ही माझी धाकटी, नमिता. हिला मनाचा आजार झालता. सरकारी दवाखान्यात औषध चालू हाय, बरी व्हायलीय. ह्या पोरीनं वेळेत नेलं म्हणून हाय." त्यांनी माझ्याकडे हात केला.

नमितानं खाली बघितलं नाही.

मी हळूच म्हणाले, "काका, सोयरे..."

"त्यांना मीच जाऊन सांगितलं. इचार करून कळवतो म्हणाले." त्यांनी सदऱ्यावरचा भुसा झटकला. "करू दे इचार."

डीन साहेबांनी स्टँडकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. आवाज खाली आणून ते आबांना म्हणाले, "अहो, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही तरी समजवा ह्यांना. हे असं किती दिवस चालायचं?"

आबांनी स्टँडच्या पायावर हात फिरवला, सांधा दाबून बघितला.

"सागवान हाय, साहेब," ते म्हणाले. "लई वर्षं टिकंल."

नमितानं स्ट्रायकर उचलला आणि विचारलं, "पाळी कुणाची आहे?"